ड्यूकचे वतन

महाबळेश्वरला जुन्या क्षेत्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॅनॉट पीक नावाचे एक शिखर लागते. विल्सन पॉइंट सोडला तर तिथले हेच सगळ्यांत उंच. वर वारा असा की पदर हाताला लागू देत नाही, आणि खाली वेण्णा तलाव बशीत पाणी सांडावे तसा दिसतो. मे महिन्यात नातीला घेऊन गेले होते. तिने पाटी वाचली आणि विचारले, "आजी, कॅनॉट म्हणजे कोण गं?"

मी सांगितले, व्हिक्टोरिया राणीचा मुलगा. कॅनॉटचा ड्यूक. तो इथे आला, त्याला ही जागा आवडली, म्हणून आधीचे माउंट ऑलिंपिया हे नाव जाऊन याचे नाव लागले.

"मग आता त्यांचं कोण आहे?"

दहा वर्षांच्या पोरीला हे सुचावे याचे मला नवल वाटले नाही. आमच्या घरात कोणाचे कोण उरले, कोणाच्या मागे कोण, या गोष्टी जेवताना वाढल्या जातात. पण उत्तर सांगायला मला दोन दिवस लागले, आणि ती झोपी गेल्यावरही ते माझ्या मनातून गेले नाही. शेवटी म्हटले, लिहूनच काढावे.

या माणसाचे नाव आपल्याकडे फार ठिकाणी सांडलेले आहे. पुण्यात कॅनॉट रोड आहे. दिल्लीतल्या कॅनॉट प्लेसचे १९९५ साली राजीव चौक झाले, तरी रिक्षावाल्याला आपण जुनेच नाव सांगतो आणि तोही बिनचूक नेतो. दिल्लीच्या इंडिया गेटची आणि जुन्या संसद भवनाची पायाभरणी १९२१ च्या फेब्रुवारीत याच माणसाच्या हातून झाली. इतक्या दगडांवर नाव कोरले गेले. पण ती ड्यूकची पदवी स्वतः जगली किती? २४ मे १८७४ ला ती निर्माण झाली आणि २६ एप्रिल १९४३ ला बुडाली. एकोणसत्तर वर्षेसुद्धा पुरी नाहीत. आमच्या गावच्या पारावरचा पिंपळ तिच्याहून थोरला असेल.

राजघराण्यातली ड्यूकगिरी म्हणजे काय, हे आपल्याला तसे समजायला अवघड जाऊ नये. राजाचा थोरला मुलगा गादीवर बसणार. धाकट्यांचे काय करायचे? आपल्याकडे त्यांना सरंजाम तोडून देत, तिकडे ड्यूक करतात. फरक असा की पुष्कळ वेळा नावापलीकडे त्यात काही नसते. कॉर्नवॉलची ड्यूकगिरी निराळी. ती १३३७ सालापासूनची, तिला खरीखुरी जमीनजुमल्याची इस्टेट आहे आणि ती राजाच्या थोरल्या मुलाकडे आपोआप जाते. कॅनॉट हा आयर्लंडच्या पश्चिमेचा प्रांत. तिथल्या जमिनीशी या ड्यूकचा संबंध नावापुरता. पुढे १९२२ साली तो प्रांत आयर्लंडच्या स्वतंत्र राज्यात गेला, तरी ड्यूक आपला कॅनॉटचाच राहिला. गाव गेले आणि आडनाव राहिले, तशातली गत. आपल्याकडे असे पाटील, देशमुख शेकड्यांनी आहेत.

ड्यूकचे नाव ऑर्थर. जन्म १ मे १८५०, बकिंगहॅम राजवाड्यात. राणीचा तिसरा मुलगा, सातवे अपत्य. वेलिंग्टनच्या म्हाताऱ्या ड्यूकचा वाढदिवसही त्याच तारखेचा, म्हणून त्याला धर्मपिता केले आणि त्याचेच नाव बाळाला ठेवले. हा वेलिंग्टन म्हणजे नेपोलियनला हरवणारा. पण आपल्याला त्याची ओळख त्याआधीची आहे. १८०३ साली अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा मोड करणारा जनरल वेलस्ली तो हाच. बाळ वर्षाचे झाले तेव्हाचे एक प्रसिद्ध चित्र आहे. राणीच्या कडेवर बाळ, आणि पांढऱ्या केसांचा वेलिंग्टन गुडघा टेकून त्याला भेटीची पेटी देतो आहे. असईच्या रणात घोडे मेलेला माणूस तान्ह्या मुलापुढे वाकलेला पाहून मला नेहमी गंमत वाटते.

नाव लष्करी म्हणून की काय, पोरगा लष्करातच गेला. १८७९ साली प्रशियाच्या राजघराण्यातल्या लुईझ मार्गारेटशी लग्न झाले. मार्गारेट, ऑर्थर आणि पॅट्रिशिया अशी तीन मुले. १८८६ च्या अखेरीस तो मुंबईच्या फौजेचा सरसेनापती होऊन इकडे आला आणि १८९० पर्यंत राहिला. त्या सेनापतीचा मुक्काम पुण्यात असे. तेव्हा ड्यूक आपल्या पेठांना काही अगदीच परका नव्हता.

आणि इथे ती प्रसिद्ध मेजवानी येते. २ मार्च १८८८. हरि रावजी चिपळूणकरांनी पुण्यात ड्यूकच्या सन्मानार्थ ती दिली होती. शहरातली बडी मंडळी जरीचे अंगरखे आणि हिऱ्यामोत्यांचे दागिने लेऊन हजर. त्यात जोतीराव फुले आले ते शेतकऱ्याच्या वेशात, फाटके पागोटे, अंगावर घोंगडी. दारावरच्यांनी अडवले, यजमानांनी स्वतः येऊन आत नेले. मग जोतीराव बोलायला उभे राहिले आणि त्यांनी ड्यूकला सांगितले की, हे जे आपल्याभोवती जवाहीर घालून बसले आहेत ते म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरा हिंदुस्थान पाहायचा तर खेड्यांत चला, आणि आपल्या मातोश्रींना कळवा की गोरगरिबांना विद्या हवी आहे. ही हकीगत आपण शाळेत वाचली आहे. परदेशी पाहुणा त्या वेळी सदतीस वर्षांचा होता.

पण त्या दोघांकडे पाहताना मला आता दुसरीच एक गोष्ट दिसते. ज्या १८७४ साली राणीने मुलाला ड्यूक केले, त्याच साली जोतीराव-सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. यशवंत त्याचे नाव. मेजवानीच्या आदल्याच वर्षी, १८८७ साली, जोतीरावांनी मृत्युपत्र करून आपले सारे यशवंताच्या नावे केले होते. म्हणजे एका छपराखाली दोन बाप बसले होते. एकाला पाच वर्षांचा औरस मुलगा. दुसऱ्याला कोणाच्या तरी पोटचा, पण कागदावर आणि काळजात आपला. १८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले तेव्हा भाऊबंद आडवे आले. दत्तकाने टिटवे धरायचे नाही, म्हणाले. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे स्वतः घेऊन प्रेतयात्रेपुढे चालल्या.

ड्यूकच्या सनदेत दत्तकाला जागाच नव्हती. तिकडची वारशाची रीत कडक. पदवी जाणार ती औरस पुरुष वारसाकडे. मुलगी नाही, मुलीचा मुलगा नाही, दत्तक तर नाहीच नाही. आता पाहा, याच इंग्रजांनी १८४८ साली सातारची गादी खालसा केली ती छत्रपतींचा दत्तक मानायचा नाही म्हणून. १८५४ साली नागपूर, झाशी त्याच वाटेने गेली. आपण याला डलहौसीची लबाडी म्हणतो आणि ती लबाडी होतीच. पण दत्तक म्हणजे वारस हे त्या लोकांच्या पचनीच पडत नसावे, असेही मला वाटते. पुढे सत्तावन्नचा चटका बसल्यावर, १८६२ साली, त्यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. परक्यांच्या गाद्या दत्तकाने चालू द्यायच्या आणि स्वतःच्या मात्र विझू द्यायच्या, असा तो न्याय.

माझ्या आईचे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे वतनदार कुलकर्णी. चार मुली, मुलगा नाही. आई थोरली. १९४६ साली आजोबांनी चुलतभावाचा नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. आई सांगे, होमाच्या दिवशी तिनेच त्या पोराला न्हाऊ घातले, कारण ते रडत होते आणि आजीला हात लावू देत नव्हते. दत्तकविधान झाले, वतन वाचले, आजोबा निर्धास्त झाले. आणि पाच वर्षांत, १ मे १९५१ ला, मुंबई सरकारने कुलकर्णी वतनेच रद्द केली! ज्याच्यासाठी वारस आणला ते वतन गेले आणि वारस राहिला. मामा मोठेपणी यावर स्वतःच हसत. मला हा मामा फार आवडे. पण आईचे आणि त्याचे नाते मी मोठी होईपर्यंत मला उमगले नव्हते. ते पुढे सांगते.

ड्यूकला एकदा दुसराच मोठा वारसा चालून आला होता. त्याचा थोरला भाऊ आल्फ्रेड, एडिंबरोचा ड्यूक, जर्मनीत साक्स-कोबुर्ग-गोथा या बापाच्या घराण्याच्या गादीवर बसलेला. १८९९ च्या फेब्रुवारीत त्याचा एकुलता मुलगा वारला. पुढचा हक्क ऑर्थरचा, मग ऑर्थरच्या मुलाचा. जर्मनीत जाऊन राहायचे, इंग्लंड आणि लष्कर सोडायचे, हे या बापलेकांनी पत्करले नाही. हक्क सोडला. मग ती गादी गेली पुतण्याकडे, चार्ल्स एडवर्डकडे. चौदा-पंधरा वर्षांचे पोर, इंग्लंडातल्या शाळेत शिकणारे. त्याला उचलून जर्मनीत नेले. पहिल्या महायुद्धात त्याला जर्मनीच्या बाजूने उभे राहावे लागले. १९१८ साली गादी गेली, १९१९ साली इंग्लंडातली ऑल्बनीची ड्यूकगिरीही काढून घेतली, आणि पुढे तो नाझींच्या कळपात गेला. १९५४ साली मेला. वारसा म्हणजे नेहमी लक्ष्मीच चालून येते असे नाही. काकाने नको म्हटलेले ताट पुतण्यापुढे सरकवले, आणि त्यात काय वाढले आहे ते त्या पोराला कोणी विचारले नाही.

ऑर्थर मात्र सुखात राहिला. १९११ ते १९१६ कॅनडाचा गव्हर्नर-जनरल झाला. मुलगा धाकटा ऑर्थर. त्याने १९१३ साली फाइफच्या डचेसशी लग्न केले. या डचेसची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिच्या बापाला, फाइफच्या ड्यूकला, दोन मुलीच. आजेसासूने, म्हणजे खुद्द व्हिक्टोरिया राणीने, १९०० साली त्याला नवी सनद करून दिली, तीत मुलींकडे आणि मुलींच्या मुलग्यांकडे ड्यूकगिरी जावी असे कलम घातले. डिसेंबर १९११ मध्ये हे कुटुंब पी. अँड ओ. कंपनीच्या 'दिल्ली' नावाच्या बोटीने निघाले असता ती मोरोक्कोच्या किनाऱ्याला फुटली. सगळे वाचले, पण त्या हालांनंतर बाप जानेवारीत इजिप्तमध्ये वारला, आणि वीस वर्षांची अलेक्झांड्रा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. म्हणजे राणीला मुलीचा वारसा लिहिता येत होता. नातजावयासाठी तिने लिहिला, मुलासाठी लिहिला नव्हता. मुलाला मुलगा होताच ना, मग कशाला सुचेल?

१९१४ च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंड महायुद्धात उतरून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, या जोडप्याला मुलगा झाला, ॲलस्टेर. जन्मला तेव्हा तो प्रिन्स होता. तीन वर्षांचा झाला आणि प्रिन्स राहिला नाही. पाचव्या जॉर्जने १९१७ च्या नोव्हेंबरात नियम केला की राजाची मुले आणि राजाच्या मुलग्यांची मुले एवढीच प्रिन्स-प्रिन्सेस. पणतू त्यात बसत नाहीत, फक्त युवराजाच्या थोरल्या मुलाचा थोरला मुलगा सोडून. रांगणाऱ्या पोराला आपल्या डोक्यावरून काय उतरवले ते कळलेही नसेल. पण राजघराण्यातली ड्यूकगिरी तिसऱ्या पिढीत साधी का होते, त्याचे गुपित हेच. पदवी टिकली तरी रक्त लांब जाते. यॉर्कच्या ड्यूकगिरीचे तर याहून विचित्र. १४७४ सालापासून ती कितीदा दिली गेली, पण बापाकडून मुलाकडे एकदाही गेली नाही. ड्यूक एक तर राजा झाला, नाही तर मुलगा न होता गेला.

१९३८ च्या सप्टेंबरात धाकटा ऑर्थर कॅन्सरने वारला, पंचावन्नाव्या वर्षी. म्हातारा ड्यूक मुलाच्या मागे राहिला. १६ जानेवारी १९४२ ला, एक्याण्णव वर्षांचा होऊन, बॅगशॉट पार्क या आपल्या घरी तो गेला आणि नातू ॲलस्टेर दुसरा ड्यूक झाला. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा, अविवाहित, लष्करात. पुढे कॅनडाच्या गव्हर्नर-जनरलचा ए.डी.सी. म्हणून ओटावाला राहिला. ज्या घरात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आजोबा मालकासारखे राहिले, त्याच घरात हा पदरी. २६ एप्रिल १९४३ ला तो तिथेच वारला. मृत्यू नैसर्गिक, असे तेव्हा छापून आले. राजाच्या चिटणिसाची रोजनिशी २००६ साली प्रसिद्ध झाली, तीत मात्र आहे की तो दारूच्या अमलात खिडकीतून पडला आणि रात्रभर थंडीने गारठून गेला. खरे काय असेल ते असो. पंधरा महिन्यांची ड्यूकगिरी. त्याच्यापाशी ती संपली.

संपली म्हणजे काय, तर माणसे नव्हती म्हणून नव्हे. हेच मला नातीला सांगायचे होते. म्हाताऱ्याची धाकटी मुलगी पॅट्रिशिया हयात होती. तिचा मुलगा, तेवीस वर्षांचा जवान, त्याच युद्धात लढत होता आणि त्यात त्याने पाय गमावला. थोरली मुलगी मार्गारेट स्वीडनच्या युवराजाला दिलेली. ती १९२० साली लहान वयात गेली, पण मागे चार मुलगे आणि एक मुलगी ठेवून. ती मुलगी इंग्रिड पुढे डेन्मार्कची राणी झाली. म्हाताऱ्याचा पणतू कार्ल गुस्ताफ १९७३ साली स्वीडनचा राजा झाला. पणती मार्गरेटे १९७२ पासून २०२४ च्या जानेवारीपर्यंत डेन्मार्कची राणी होती आणि आता तिचा मुलगा फ्रेडरिक राजा आहे. दोन देशांच्या गाद्या याच्या रक्ताने भरल्या, आणि इंग्लंडच्या कचेरीत शेरा पडला: वारस नाही.

मौज अशी, की त्या दोन्ही देशांनी मुलींसाठी कायदा वाकवला. इंग्रिड राणीला तीन मुलीच झाल्या, म्हणून डेन्मार्कने १९५३ साली मुलीला गादीवर बसायची वाट करून दिली. स्वीडनने १९८० साली थोरले अपत्य तेच वारस ठरवले. सात महिन्यांच्या मुलाच्या पाळण्यातली युवराजकी काढून त्याच्या बहिणीला दिली. आणि फाइफची ती ड्यूकगिरी? अलेक्झांड्रा १९५९ साली गेली, तिच्या बहिणीच्या मुलाकडे पदवी गेली, आणि आजही आहे. एकाच घरात दोन सनदा होत्या. जीत मुलीचे नाव होते ती जगली.

या पॅट्रिशियाचे एक करणे माझ्या मनात घर करून राहिले आहे. १९१९ साली तिने नौदलातल्या एका कमांडरशी लग्न केले आणि राजाच्या परवानगीने आपण होऊन प्रिन्सेस ही पदवी सोडली. तिकडे ते थोर मनाचे मानले गेले. आपल्याकडे याला हक्कसोड म्हणतात. १९६२ साली आजोबा गेले. शेवटचे आठ महिने त्यांना आईनेच अंथरुणात वळवले, भरवले. मामा नोकरीवर दूर, पावसाळ्यात नदी भरलेली. एका लांबच्या भाऊबंदाने अग्नी दिला आणि आई दारात उभी राहिली. १९५६ च्या कायद्याने तिला आता वाटा होता, हे तिला ठाऊक होते. आमच्या घरात वर्तमानपत्र येत असे. तरी पुढच्या उन्हाळ्यात चौघी बहिणी बैलगाडीतून तालुक्याला गेल्या आणि हक्कसोड पत्रावर सह्या करून आल्या. आईने सही मोडीत केली. मामाने चौघींना साडीचोळी केली. आईची साडी अंजिरी रंगाची, तिने ती एकदाच नेसली.

मी कॉलेजात असताना तिला विचारले होते, का सोडलेस? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "माहेर पाहिजे होतं गं." एवढेच. वाटा घेतला असता तर मामाच्या दारात पाऊल टाकताना पाहुणी झाले असते, असे तिला वाटत असावे. पॅट्रिशियाचे मला माहीत नाही. पण चार बहिणींपैकी एकीनेही ते थोर मनाने केले असे मी म्हणणार नाही. दर दिवाळीला मामा भाऊबीजेला मात्र न चुकता आला, वतन गेलेला, टोपी तिरकी घातलेला, हातात पेढ्यांचा पुडा. ओवाळून झाले की तो आईला म्हणे, "ताई, तू मला न्हाऊ घातलं नसतंस तर मी पळून गेलो असतो."

मामालाही तीन मुलीच. लोक म्हणत, आता तुम्ही कोणाला घेणार? मामा म्हणत, आता घ्यायला राहिलेय काय आणि द्यायला तरी काय! तरी त्यांनी मृत्युपत्र केले. वाडा तिघींना सारखा, आणि परसातली विहिरीची पट्टी माझ्या आईच्या वारसांना, म्हणजे मला. वकिलाने विचारले, हक्कसोड झालेली आहे ना? मामा म्हणाले, त्यांनी सोडला होता, मी कुठे सोडला?

बॅगशॉट पार्कात म्हाताऱ्या ड्यूकने हिंदुस्थानी नक्षीकामाची एक बिलियर्डची खोली करून घेतली होती. लाहोरच्या कलाशाळेतल्या भाई राम सिंगांनी ती सजवली. त्या घरात आज चार्ल्स राजाचा धाकटा भाऊ एडवर्ड राहतो. त्याला १० मार्च २०२३ ला एडिंबरोचा ड्यूक केले, पण फक्त त्याच्या हयातीपुरते. त्याला मुलगा आहे, तरी ही पदवी त्या मुलाकडे जायची नाही, तसे आधीच लिहून ठेवले आहे.

मामाची थोरली मुलगी गावीच असते, शिक्षिका होती. गेल्या महिन्यात तिने वाड्याच्या घरपट्टीच्या पावतीचा फोटो मला पाठवला; पत्र्यांची दुरुस्ती करायची, तर खर्चात माझा वाटा किती, हे विचारायला. पावतीवर मालक म्हणून अजून आजोबांचेच नाव आहे. मी तिला लिहिले, वाटा विहिरीपुरता धरू नकोस, चौथा हिस्सा धर.